फिआपोतोचा ढेकर

वाईपुना, सावाई बेट, सामोआ
१२ मार्च १९९६

चि. लाफाएले यास सिनिवाताईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे देवाच्या कृपेने बरे आहोत. तू पाठवलेला टीव्ही नाताळातच बोटीतून सुखरूप उतरला. पण बाबा, हे तू काही बरं केलं नाहीस. घर माझं, चटया माझ्या, विजेचं बिल माझं, आणि दर शुक्रवारी संध्याकाळची प्रार्थना आटोपली की मला माझ्याच घरातून बाहेर पडावं लागतं. तुझ्या कार्यक्रमाची वाजंत्री सुरू झाली की मी एक चटई काखेत मारते आणि मागच्या चुलघरात जाऊन बसते. अर्धं गाव आत लोळून हसतंय आणि घरधनीण बसलीय कोंबड्यांत. आपल्या घराला भिंती नाहीत, त्यामुळे तुझे शब्द कानावर पडू नयेत म्हणून मी मोठ्याने स्तोत्रं म्हणते. सगळी पाठ झाली माझी या वयात.

त्या कार्यक्रमात तू बाईच्या वेषात जिचं सोंग घेतोस, ती तुझी फिआपोतो म्हणे नवऱ्याला काय काय बोलते. मला कोणी सांगत नाही, आणि सांगूही नये. बहिणीपुढे भावाचं तसलं बोलणं कोण काढणार? पण गावातली पोरं अंगणात पोटावर थापा मारून ढेकर देत फिरतात, एवढं दिसतं. माझ्याकडे बघून तर जास्तच दात काढतात. मी झाडू घेऊन मागे लागते.

बायका म्हणत होत्या की फिआपोतोचा आवाज बसल्यासारखा येतो. औषध घे. लग्न केलं नाहीस, मग तिथे काढा कोण देणार तुला? सोबत कोकोच्या वड्या पाठवते आहे. जिव्हाळा आहे तसाच राहू दे.

तुझी,
सिनिवाताई

ऑकलंड
२० एप्रिल १९९६

ति. सिनिवाताईस लाफाएलेचा साष्टांग नमस्कार वि. वि.

कोको पोचला. सोलोमोनाने निम्मा संपवला. इतकी वर्षं रंगमंचावर माझा नवरा झाला म्हणून माझ्या माहेरच्या खाऊवर हक्क सांगतो. आवाजाची काळजी करू नकोस, इथली थंडीच तशी.

ताई, एक विचारू? तू कधी एकदाही चोरून बघितलं नाहीस? मी पहिल्यांदा गावात फालेआइतूचा हसवणारा खेळ केला तो दिवस आठवतो मला. सोळा वर्षांचा होतो. आपल्या गावप्रमुखाच्या, मताईच्या चालीची नक्कल केली आणि सगळे हसले. मताई स्वतः हसले, कारण फालेआइतूत बोलतो तो माणूस नसतो, अंगात आलेलं भूत असतं, आणि भुताला शिक्षा कोण करणार? मी गर्दीत तुला शोधत होतो. तू फणसाच्या झाडामागे पाठ करून उभी होतीस. नंतर मी आपियाच्या स्पर्धा जिंकल्या, इथे मांसाच्या कारखान्यात डबे भरता भरता चर्चच्या हॉलमध्ये प्रयोग केले, मग टीव्हीवर आलो. दर वेळी समोर बघितलं की मला तुझी पाठच दिसते.

डिसेंबरात आपल्या नव्या चर्चचं उद्घाटन आहे. मी गावात प्रयोग करायला येतोय. एकदाच समोर बस ना. माया पातळ करू नकोस.

तुझा,
लाफाएले

वाईपुना
२ जून १९९६

चि. लाफाएले यास ताईचे आशीर्वाद.

पत्र वाचून मला रागही आला आणि वाईटही वाटलं. तुझं वय झालं पन्नाशीचं आणि विचारतोस काय? बहीण समोर बसलेली असताना भावाने तसले शब्द उच्चारायचे आणि बहिणीने ऐकायचे? उद्या लोक तुझ्या तोंडावर थुंकतील. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली असं आपले म्हातारे म्हणत आले. त्या बाहुलीत आपणच धूळ उडवायची का? आई गेली तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. तुला वाढवताना मी हा नेम कधी मोडला नाही, आता काय मोडते.

तू ये. मी डुक्कर पोसलं आहे, टारोचे कंद लावले आहेत. प्रयोगाच्या वेळी मी चुलघरात बसेन आणि तू आलास की गरम गरम वाढेन. तेवढंच माझं काम.

दुसरं. बायका म्हणतात, फिआपोतो वाळली. तिची लावालावा आता कमरेला दोनदा गुंडाळली जाते. हे मी ऐकलं, या वेळी कान झाकायला स्तोत्र म्हटलं नाही. खरं काय ते कळव.

तुझी,
ताई

ऑकलंड
१४ जुलै १९९६

प्रिय सोलोमोना यास सप्रेम नमस्कार.

तू वेलिंग्टनला मुलीकडे मजेत असशील. तुझ्या बायकोचं, म्हणजे माझं, आता नीट ऐक. माझ्या घशात गाठ आहे आणि ती वाईट आहे. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र काढायला हवं, आणि लगेच. काढलं तर जगेन, पण बोलता येणार नाही. मी त्यांना डिसेंबरनंतर काढा म्हटलं. त्यांना वाटलं मी विनोद करतोय.

तुला कारण माहीत आहे. फिआपोतो कोण हे वाईपुनाच्या पोराटोरांना माहीत आहे, तुला माहीत आहे, फक्त जिची नक्कल तिलाच माहीत नाही. तोंडात कंगवा धरून केस बांधता बांधता बोलायचं, कोंबड्यांना मताईंची नावं ठेवून शिव्या द्यायच्या, घरातून निघाली की तीनदा मागे फिरून आणखी एक सूचना द्यायची. हे सगळं ताईचं. शिव्या तेवढ्या माझ्या.

आणि तो ढेकर. तू मला कधी विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. आई गेली त्या वर्षी वादळात टारो, केळी सगळं आडवं झालं होतं. ताई भांड्यातला शेवटचा तुकडा माझ्या पानात टाकायची, पोटावर थापा मारायची, मोठा ढेकर द्यायची आणि सांगायची की मी तर मघाशीच जेवले. मला कळायचं. मी तरी तुकडा खायचो. भूकच तशी होती. लोक ज्या ढेकराला सगळ्यात जास्त हसतात तो हा ढेकर, सोलोमोना.

आवाज जायच्या आत तिने एकदा हे बघावं, एवढंच मला हवं आहे. ती रागावेल याची भीती वाटते. पण तिने न बघताच मी मुका झालो तर माझी सगळी नक्कल चोरीची ठरेल. म्हणून मी एक नवा प्रयोग लिहितोय. एकही वावगा शब्द नसलेला. आता नवऱ्याने नाही म्हणू नये.

तुझीच,
फिआपोतो

वेलिंग्टन
२२ जुलै १९९६

लाफाएले, तुला नमस्कार बिमस्कार काही नाही.

तू मूर्ख आहेस. मी खुर्चीत बसून तुझं पत्र वाचलं आणि माझी मुलगी धावत आली, बाबा का रडता म्हणून. उद्या जाऊन ऑपरेशन करून घे. नटाला हात असतात, डोळे असतात, तुझ्यासारख्याला तर ढुंगणही पुरतं. आवाज गेला तर मी दोघांचं बोलेन. बायकोचं बोलणं नवऱ्यानेच करायचं, हे सामोआत पहिल्यांदाच घडेल.

तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. डिसेंबरात मी येतो. त्याआधी शुद्धीवर आलास तर कळव.

तुझा कमनशिबी नवरा,
सोलोमोना

ऑकलंड
१८ ऑगस्ट १९९६

ति. ताईस लाफाएलेचा नमस्कार वि. वि.

घसा थोडा त्रास देतोय, डॉक्टर बघताहेत. त्याचं सोड.

मी तुझ्यासाठी एक वेगळा प्रयोग लिहिला आहे. त्यात नवऱ्याला शिव्या नाहीत, बिछाना नाही, काही नाही. पाद्रीबाबांना वाचायला पाठवला आहे. एक शब्द जरी त्यांना खटकला तरी तू चुलघरात जा, मी हरकत घेणार नाही. त्यांनी पास केला तर पहिल्या चटईवर बस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. जे होतं ते तू मागायच्या आधीच दिलंस, म्हणून मागायची सवयच लागली नाही.

लाडका समजून माफ कर.

तुझा,
लाफाएले

वाईपुना
१५ सप्टेंबर १९९६

चि. लाफाएले यास ताईचे आशीर्वाद.

तू जिंकलास. पाद्रीबाबा म्हणाले, सिनिवा, हे तर रविवारच्या शाळेतसुद्धा करता येईल. त्यांच्या बायकोने वाचलं आणि हसता हसता डोळे पुसले. माझ्याकडेच बघून हसत होती. मी विचारलं, माझ्या तोंडाला काही लागलंय का? तर म्हणे, नाही, तुम्ही फक्त समोर बसा.

मी बसेन. कापड आणून नवा पुलेतासी शिवायला टाकला आहे. हिरवा, पांढऱ्या फुलांचा. इतक्या वर्षांत मी तुला स्टेजवर बघितलेलं नाही, मला हसता तरी येईल का कोण जाणे. लोक कुठे हसतात ते बघून हसेन. तू खात जा. घशाचं काय झालं ते तू पत्रात नेहमी एका ओळीत उरकतोस, ते मला आवडलेलं नाही.

तुझी,
ताई

ऑकलंड
२७ ऑक्टोबर १९९६

ति. सिनिवाताई यांना सोलोमोनाचा नमस्कार.

लाफाएलेच्या ऐवजी मी लिहितोय, म्हणून आधीच सांगतो, तो जिवंत आहे. गेल्या आठवड्यात त्याला श्वास घेता येईना. डॉक्टरांनी घाईने ऑपरेशन केलं आणि स्वरयंत्र काढलं. ताई, त्याला आता आवाज नाही. गाठ फार पुढे गेली होती, सगळी काढता आली नाही. त्याने खूप उशीर केला. का केला, ते तोच तुम्हाला सांगू शकला असता.

तो पाटीवर लिहितो. पहिल्यांदा शुद्धीवर आला तेव्हा लिहिलं, 'बोट कधीची?' डॉक्टर नको म्हणतात. पण तो येणार आहे आणि मी त्याला घेऊन येणार आहे. तुमचा हिरवा पुलेतासी तयार ठेवा, असा त्याचा निरोप आहे.

तुमचा,
सोलोमोना

वाईपुना
२९ डिसेंबर १९९६

चि. लाफाएले यास ताईचे आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद.

तू पहाटेच्या बोटीने गेलास. मी धक्क्यावर आले, तुझी पिशवी दिली, औषधं वेळेवर घे म्हटलं, मागे फिरून परत म्हटलं, परत मागे फिरून म्हटलं. तू हसलास. तेव्हा मला कळलं की तू का हसतोस, आणि तरी मी बोलले नाही. भावा-बहिणीने समोरासमोर बोलायच्या गोष्टी नव्हेत या. कागदावर लिहिते.

मी पहिल्या चटईवर बसले होते. स्टेजवर तुझा नवरा सोलोमोना एकटाच बडबडत होता आणि तू मुकाट. मनात म्हटलं, बघा, इतकी वर्षं याच्या शब्दांसाठी मी बाहेर बसले, आणि आज आत बसले तर शब्दच नाहीत. मग तू कंगवा तोंडात धरलास. मला हसू आलं. वाटलं, आपल्या आत्याची नक्कल करतो आहेस. मग तू कोंबड्यांवर हात उगारलास आणि माझ्या शेजारची पोरगी माझ्या मांडीवर कोसळली, म्हणाली, आजी, तुम्हीच आहात की. मी मागे वळून बघितलं तर सगळं गाव स्टेज सोडून माझ्याकडे बघत होतं. डोळ्यातल्या बाहुलीला जग दिसतं, स्वतः तेवढी दिसत नाही. मला भयंकर लाज वाटली आणि तुझा राग आला. खोटं कशाला सांगू? उठून जाणारच होते.

तेवढ्यात तू भांड्यातला शेवटचा तुकडा नवऱ्याच्या पानात टाकलास. भांड्यात वाकून बघितलंस. पोटावर थापा मारल्यास. तोंड उघडलंस, आणि ढेकर आलाच नाही. गळ्यातून नुसती हवा गेली. सगळं गाव वाट बघत बसलं. तुझा चेहरा मला बघवेना. आणि मग कसा कोण जाणे, माझ्याच तोंडून तो ढेकर निघाला. मुद्दाम दिला नाही रे. त्या वेळी जसा द्यायचे तसाच आला, खोटाच्या खोटा. लोक हसून हसून चटयांवर पडले, पाद्रीबाबासुद्धा. तू हसला नाहीस. मीही नाही. मी उठून चुलघरात गेले ते रागाने नव्हे, मला रडायचं होतं.

म्हणजे तुला तेव्हाही कळत होतं. दहा वर्षांचं पोर, मला वाटायचं मी तुला किती छान फसवते आहे. तू तुकडा खाल्लास ते बरं केलंस. नसता खाल्लास तर मला जास्त भूक लागली असती.

आता एक हिशेब. इतकी वर्षं माझा चेहरा वापरलास आणि भाडं म्हणून मांसाचा एक डबासुद्धा पाठवला नाहीस. लाज वाटू दे जरा. लवकर बरा हो.

तुझी,
फिआपोतो

ऑकलंड
१९ जानेवारी १९९७

ति. सिनिवाताई यांना सोलोमोनाचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा आलं. तो इथे आल्यापासून पाटीवर एकच लिहायचा, 'ताई रागावली?' मी नाही म्हणायचो, त्याला पटायचं नाही. तुम्ही उठून गेलात ते त्याच्या मनात बसलं होतं.

मी पत्र फिआपोतोच्या आवाजात वाचलं. मला तो आवाज नीट जमत नाही, लाफाएले नाक मुरडत होता. ढेकराचं वाचून झालं तेव्हा त्याने हात वर केला, म्हणजे परत वाच. मग परत. खालची सही त्याने स्वतः बोटाने चाचपून वाचली. ताई, तो हसत होता. आवाज नव्हता, पण पलंग हलत होता. परिचारिका धावत आली.

नंतर पाटीवर त्याने लिहिलं, 'भाडं पाठव.' म्हणून मी आज मांसाच्या डब्यांचं एक मोठं खोकं बोटीने रवाना केलं आहे. तो त्याच कारखान्यात काम करायचा, तिथूनच आणलं. आता तो झोपला आहे. डॉक्टर फार दिवस नाहीत म्हणतात. माझ्याने याहून जास्त लिहवत नाही.

तुमचा,
सोलोमोना

वाईपुना
६ एप्रिल १९९७

चि. सोलोमोना यास सिनिवाताईचे आशीर्वाद.

तू लाफाएलेला घेऊन आलास, त्याला घरासमोर मातीत ठेवेपर्यंत थांबलास, त्याबद्दल काय लिहू? माझ्या भावाला सख्खा भाऊ नव्हता, ते तू भरून काढलंस.

तू गेल्यानंतर खोकं आलं. हळू बोटीने आलं असेल, शवपेटीच्या मागून. पोरांनी फोडलं, सगळ्या घरांत डबे वाटले. पहिला डबा मात्र मी ठेवून घेतला आणि कोणाला न देता एकटीने संपवला. आयुष्यात पहिल्यांदा तसं जेवले. पोट भरलं. ढेकर आला नाही.

टीव्हीवर शुक्रवारी आता त्याचे जुने कार्यक्रम परत दाखवतात. सगळे मला म्हणतात, आता बसून बघा. पाद्रीबाबाही म्हणाले, सिनिवा, ज्याच्यासाठी नेम पाळायचा तो देवाघरी गेला, आता तुला मोकळीक आहे. मलाही वाटलं, बघावं. तोंड भरून शिव्या देताना कसा दिसतो ते एकदा बघावं. चांगली पुढच्या चटईवर बसले. पोरांनी जागा करून दिली.

वाजंत्री सुरू झाली आणि मी उठले. सोलोमोना, मी चटई काखेत मारली आणि चुलघरात जाऊन बसले, आणि रडत रडत स्तोत्र म्हणू लागले, मोठ्याने, शब्द कानावर पडू नयेत म्हणून. आत सगळे हसत होते. बहिणीने उठून जायचं ते आत भाऊ बोलतो आहे म्हणून. मी बसून राहिले असते तर तो बोलत नाही असं झालं असतं. ते माझ्याने होणार नाही. म्हणून मी दर शुक्रवारी उठते.

मुलीला माझे आशीर्वाद सांग. येत जा, तुझ्या बायकोचं माहेर आहे हे.

तुझी,
सिनिवाताई